ट्रॉम्सो ते लाँगयरब्येन विमानाने किती अंतर आणि किती वेळ? नकाशात तर खूपच लांब दिसतंय

ट्रॉम्सो हे उत्तर नॉर्वेतलं शहर, आणि लाँगयरब्येन हे त्याच्याही उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांवरचं मुख्य गाव. अंतर साधारण 955-960 किमी, आणि तिकिटावर दीड ते पावणेदोन तास. म्हणजे मुंबई-चेन्नईपेक्षा थोडं कमीच.

नकाशात लांब दिसतं कारण आपल्या नेहमीच्या सपाट नकाशात ध्रुवाकडचं सगळं ताणलेलं असतं, ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं ना, तसंच. खात्री करायची असेल तर अक्षांश बघा. ट्रॉम्सो 69.7, लाँगयरब्येन 78.2, फरक साडेआठ अंश, एका अंशाला 111 किमी, झाले साडेनऊशेच्या आसपास. रेखांश दोघांचे जवळजवळ सारखेच, त्यामुळे विमान जवळपास सरळ उत्तरेला जातं.

पण दीड तासाच्या भरवशावर राहू नका. एक तर स्वालबार्ड नॉर्वेचंच असलं तरी शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर आहे, त्यामुळे ट्रॉम्सोला पासपोर्टची लाइन लागते, आणि ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्या फ्लाइटमध्येसुद्धा सगळ्यांना खाली उतरवून पासपोर्ट बघतात आणि परत त्याच विमानात बसवतात. आपल्या पासपोर्टवाल्यांनी डबल एंट्री किंवा मल्टिपल एंट्रीचाच व्हिसा घ्यायचा, सिंगल एंट्री असेल तर जाताना ती संपली आणि परत नॉर्वेत शिरायची पंचाईत.

दुसरं म्हणजे हवा. मी मार्चमध्ये गेलो होतो, निघताना लख्ख ऊन, खाली काळंभोर पाणी, मग त्यात पांढरे तुकडे दिसायला लागले, मी फोटो काढतोय तोवर कॅप्टनने सांगितलं की लाँगयरब्येनला ढग फार खाली आलेत. अर्धा तास घिरट्या घातल्या आणि मग काय, साडेतीन तास हवेत काढून परत ट्रॉम्सोलाच उतरलो! मध्ये थांबायला काहीच नाही हो, वाटेत एक ब्यॉर्नोया नावाचं बेट आहे, तिथे हवामान केंद्र आणि मोजकी माणसं, एवढंच. शेजारच्या नॉर्वेजियन आजी मात्र शांतपणे विणकाम करत होत्या, त्यांना सवयच असणार.

दुसऱ्या दिवशी पोचलो. रनवे 1975 पासूनचा आहे, कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेला, आणि नेहमीची प्रवासी विमानं उतरणारा जगातला सगळ्यात उत्तरेचा एअरपोर्ट हाच. बाहेर बस उभीच असते, गाव पाचेक किमी, हॉटेलच्या दारात सोडते. आपल्या गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राची माणसं 2008 पासून इथूनच पुढे छोट्या विमानाने स्वालबार्डवरच्याच न्यू-ओलेसुंद या संशोधकांच्या वस्तीला जातात, तिथे हिमाद्री हे भारताचं स्टेशन आहे. टूरिस्ट म्हणून मात्र त्या विमानात सहजासहजी जागा मिळत नाही.

आणि परत येताना ट्रॉम्सोहून पुढची फ्लाइट त्याच दिवशीची अजिबात बुक करू नका, एक रात्र मध्ये ठेवा, माझे त्यात तिकिटाचे पैसे गेलेत.