हताहत म्हणजे सगळे मेलेलेच का?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेच्या यादवी युद्धातला पोरसवदा बिगुलवाला जॉन कुक याच्याबद्दल वाचताना 'अँटीटमच्या लढाईत सुमारे २३ हजार हताहत' असं आढळलं. कुकने वाचवलेला कॅप्टनही त्यांतच धरलेला. मग तो जगला कसा?

जगला, कारण हताहत म्हणजे नुसते मृत नव्हेत. हत अधिक आहत. हत म्हणजे मारला गेलेला, आहत म्हणजे मार लागलेला. सुटा 'आहत' मराठीत फारसा भेटत नाही, पण 'अनाहत नाद' आपल्याला ठाऊक असतो, आघाताविना उमटणारा. त्यातला नकार काढा, आहत हाती येतो. संधीमुळे 'हत' दोनदा ऐकू येतो आणि मेलेल्याला पुन्हा मारल्यासारखं वाटतं, एवढाच घोटाळा.

कुकच्याच तोफखान्यात हा फरक दिसतो. १७ सप्टेंबर १८६२, मेरीलँडमधलं शार्प्सबर्ग, म्हणजे अँटीटमचंच रणांगण. पोरगा १५ वर्षांचा, उत्तरेच्या फौजेत. कॅप्टन कॅम्पबेलला गोळ्या लागल्या, घोडाही गेला. कुकने त्याला आधार देत पिछाडीला पोचवलं. परतून पाहतो तो बहुतेक गोलंदाज (क्रिकेटचे नव्हेत, अस्सल, तोफ डागणारे) पडलेले. एका मेलेल्या गोलंदाजाच्या अंगावरची दारूगोळ्याची पिशवी काढून घेतली आणि स्वतःच तोफेवर उभा राहिला. मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी शौर्यपदक, मिळालं ते १८९४ साली! तर गोलंदाज हत, कॅप्टन आहत; यादीत मात्र दोघं एकाच आकड्यात.

त्या २३ हजारांत रणांगणावरच ठार झालेले साधारण ३,६०० होते. बाकीचे बहुतांश जखमी. त्यांतले काही पुढे जखमांनी दगावले. शिवाय त्या आकड्यात बेपत्ता आणि पकडले गेलेलेही आहेत, ते काही 'हताहत'मध्ये मावत नाहीत. म्हणून भाषांतरकारांनी सरळ 'ठार, जखमी व बेपत्ता' लिहावं. लांबतं, पण कुणी जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहत नाही.

कॅप्टनसाठी नेमका शब्द हवा असेल तर 'जायबंदी' घ्या. लढण्याजोगा न उरलेला, हा अर्थ त्यात आहे. जखमी माणूस लढतही राहू शकतो. 'घायाळ' खरं तर हत-आहतच्याच हन् (मारणे) या धातूच्या घराण्यातला, घात-घाय-घायाळ असा आलेला. पण सिनेमाच्या पुरवण्यांनी तो नजरेच्या बाणांना बहाल केलाय, रणांगणावर आता टाळलेलाच बरा.