रोज तीस शब्द, आणि गप्प झालेली मुलगी

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली आहे. दोन वर्षं कोल्हापुरात आयसीयूत नोकरी करते. तिला नर्स म्हणून ब्रिटनला जायचं आहे. त्यासाठी लागणारी आयएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. लिसनिंग, रीडिंगला ७ आले, पण स्पीकिंग ६ आणि रायटिंग ५.५ वरच अडकलं. म्हणून मी चार हजार कठीण इंग्रजी शब्दांचं पुस्तक आणलं. रोज रात्री तीस शब्द पाठ करून घेतो, चुकले तर दुसऱ्या दिवशी दहा वाढवतो. हल्ली ती घरात फारशी बोलत नाही. आणखी कोणतं पुस्तक घ्यावं?
– एक पालक, इचलकरंजी

उत्तर : पुस्तकाचं नाव मी देणार नाही. तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. बोलण्याच्या परीक्षेत अडकलेली मुलगी घरात बोलेनाशी झाली आहे, आणि तुम्ही ते जाता जाता लिहून पुढे गेलात. दिवसभर आयसीयूत अत्यवस्थ रुग्ण सांभाळून आलेल्या कमावत्या मुलीला रात्री पाढे म्हणायला उभं केल्यासारखं हे आहे. चुकलं की दहा शब्द जास्त, म्हणजे शिक्षाच. तोंड उघडलं की चूक निघते, हे रोज घरी शिकणारी मुलगी परीक्षकासमोर मोकळी कशी बोलेल? तुमची तळमळ खरी आहे, पण ही रात्रीची उजळणी आजपासून बंद करा.

आता गैरसमजाबद्दल. जड शब्द वापरले की बँड, म्हणजे आयएल्ट्सचे गुण, वाढतो, असं बऱ्याच घरांत समजतात. शब्द सुटे पाठ करायची ही पद्धत जुन्या जीआरईच्या, म्हणजे परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, तयारीतून आलेली. तिथे विरुद्धार्थी शब्द थेट विचारत. २०११मध्ये तिथूनही ते प्रश्न गेले. आयएल्ट्सच्या रायटिंग आणि स्पीकिंगमध्ये शब्दसंपत्तीला चौथा हिस्सा गुण आहेत, आणि तेही शब्द नेमका, योग्य जोडीदारासोबत वापरण्याला. मराठीत आपण चूक ‘करतो’, म्हणून ‘डू अ मिस्टेक’ म्हणून जातो. इंग्रजीत ती ‘मेक’ होते. जोराचा पाऊस ‘स्ट्राँग’ नसतो, ‘हेवी’ असतो. ६ आणि ७ मधलं अंतर अशा जोड्यांनी कापलं जातं. कारण नसताना ‘खूप’साठी ‘प्लेथोरा’ घुसवला तर परीक्षकाला पाठांतर लगेच कळतं. उरलेले तीन हिस्से रायटिंगमध्ये विषयाला धरून उत्तर, मांडणी आणि व्याकरण यांचे; स्पीकिंगमध्ये ओघ, व्याकरण आणि उच्चार यांचे. तुमच्या पुस्तकात त्यातलं काहीच नाही.

आणि मुळात आयएल्ट्सच कशासाठी? ब्रिटनची नर्सिंग कौन्सिल ओईटीही स्वीकारते. ती आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच काढलेली इंग्रजीची परीक्षा आहे. आयएल्ट्समधून तिला रायटिंगला ६.५ आणि बाकी तिन्हींत ७ लागतील; ओईटीत रायटिंगला सी प्लस, बाकी तिन्हींत बी. ओईटीच्या रायटिंगमध्ये शहरीकरणावर निबंध नसतो. रुग्णाच्या नोंदी वाचून पत्र लिहायचं असतं, बहुतेकदा त्याला पुढे दुसरीकडे सोपवताना. स्पीकिंगमध्ये रुग्णाशी किंवा नातेवाइकाशी दोन संवाद असतात. घाबरलेल्या माणसाला धीर दिला का, त्याला समजेल अशा साध्या भाषेत सांगितलं का, हेही तिथे तपासतात. जड शब्द तिथे उलट आड येतील. हे काम तुमची मुलगी रोज मराठीत करते. सोपी परीक्षा म्हणून सुचवत नाहीये. तिच्या रोजच्या कामाची आहे म्हणून सुचवते आहे. दोन्हींचे नमुना पेपर तिला एका सुट्टीच्या दिवशी सोडवू द्या आणि निवड तिची तिलाच करू द्या.

शब्द तिला लागतीलच. ड्युटीवर दिवसभरात जे बोलली त्यातली पाच वाक्यं इंग्रजीत मोठ्यानं म्हणून फोनवर रेकॉर्ड करावीत, नंतर ऐकावीत. कुठे अडते ते तिचं तिलाच कळेल. ते रेकॉर्डिंग तुम्ही मागू नका.

एक गोष्ट मात्र तिला नक्की विचारा, शांतपणे : ब्रिटनला तुला जायचंय का? अख्ख्या पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, मराठीत.