करपलेला वृक्षनेचा वाचेल का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला राहतो. अंगणातल्या ‘डिक्सोनिया अंटार्क्टिका’ या वृक्षनेच्याच्या सगळ्या झावळ्या जानेवारीच्या हिमदंवाने करपल्या आहेत. तो काढून टाकावा का?

उत्तर : कृपया एवढ्यात काढू नका. या झाडाचा जीव शेंड्यात असतो. बुंध्याच्या टोकाशी असलेल्या खळग्यात हलकेच बोट घालून पाहा; तपकिरी लवेने झाकलेल्या, मुठीसारख्या मिटलेल्या कोंबांच्या गाठी कडक लागल्या, तर आशा पक्की आहे. त्या मऊ पडून कुजका वास येत असेल, तर आशा थोडी, कारण या जातीचा बुंधा सहसा बाजूने फुटत नाही. तरीही जुलैअखेरपर्यंत वाट पाहावी. मीटरभर बुंधा वाढायला ३०-४० वर्षे लागतात, तेव्हा एवढा धीर आपण धरायलाच हवा.

टास्मानिया व आग्नेय ऑस्ट्रेलियातील दमट रानांतल्या या नेच्याचा बुंधा म्हणजे लाकूड नव्हे, तर जुन्या देठांभोवती विणले गेलेले मुळांचे जाड आवरण असते. म्हणून कडाक्याची थंडी ओसरल्यावर पाणी केवळ आळ्यात न घालता बुंध्यावरून झिरपू द्यावे, कोरड्या उन्हाळ्यात तर रोज. माझ्या मते थंडीइतकाच हा कोरडेपणा घातक ठरतो, आणि त्याकडेच दुर्लक्ष होते.

पुढच्या नोव्हेंबरात खळग्यात कोरडा पेंढा सैलसर भरून बुंध्याला फ्लीसचे (थंडीत झाडे झाकायच्या, हवा खेळू देणाऱ्या पातळ कापडाचे) दोन-तीन वेढे द्या. प्लास्टिक नको, आत ओल कोंडून शेंडा कुजतो. कोंब उलगडू लागण्याआधी पेंढा आठवणीने काढा.