सर्व्हर मोठा, तरी जॉब रात्रभर का चालतो?

प्रश्न : आमच्या रेड हॅट लिनक्स सर्व्हरवर सॅस (डेटा विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) आहे. नवे, वेगवान प्रोसेसर घेतले, तरी रात्रीचा जॉब पूर्वीइतकाच वेळ खातो. कुठे चुकतंय?

उत्तर : प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘ऑप्शन्स फुलस्टायमर’ लिहून जॉब पुन्हा चालवा. लॉगमध्ये प्रत्येक स्टेपखाली रिअल टाइम (घड्याळाप्रमाणे गेलेला वेळ) आणि सीपीयू टाइम (प्रोसेसरने प्रत्यक्ष काम केलेला वेळ) वेगळे दिसतील. एखाद्या प्रॉक सॉर्टला (डेटा क्रमाने लावणाऱ्या स्टेपला) रिअल टाइम 40 मिनिटं आणि यूझर व सिस्टिम मिळून सीपीयू टाइम जेमतेम 6 मिनिटं दिसला, तर बाकीचा वेळ बहुतेक डिस्कची वाट बघण्यात जातोय. तिथे प्रोसेसर दुप्पट वेगवान केलात तरी त्या 6 मिनिटांतलाच काही भाग वाचणार.

सॅसची साधी डेटा स्टेप डिस्कवरून वाचते आणि डिस्कवरच लिहिते. सॉर्टसाइजमध्ये (सॉर्टिंगला दिलेल्या मेमरीत) न मावणारं सॉर्टिंग युटिलिटी फाइली तयार करतं, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर त्याही वर्क लायब्ररीतच, म्हणजे सॅसच्या तात्पुरत्या डेटाच्या जागेतच जातात. म्हणजे सगळा भार एकाच जागी. ही जागा एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायच्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर) असेल तर आजच हलवा. सर्व्हरमध्येच लावलेल्या एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क, त्यावर रेड शून्य (अनेक डिस्कवर डेटा वाटून ठेवणारी, पण दुसरी प्रत न ठेवणारी मांडणी) आणि एक्सएफएस ही फाइल सिस्टिम, ही माझी पहिली पसंती. वर्कमधला डेटा तात्पुरता असतो. डिस्क गेली तर चालू जॉब जातील, मूळ डेटा नाही. कायमच्या डेटासाठी मात्र रेड शून्य अजिबात नको.

सॅसची स्वतःची शिफारस प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमागे सेकंदाला 100 ते 150 एमबी डिस्क-वेगाची आहे. 16 कोअर असतील तर साधारण 1.6 ते 2.4 जीबी. स्टोरेजच्या टीमकडे सगळे टीबी मागतात. तुम्ही सेकंदाचा हा आकडा लेखी मागा. आणि मध्येच मेलेल्या सेशनच्या फाइली वर्कमध्ये पडून राहतात, त्यासाठी त्या पुसणारं सॅसचं क्लीनवर्क क्रॉनला (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीला) लावून टाका.

प्रश्न : उबुंटू लिनक्सवर आर (संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा) चालवतो. 32 कोअर आहेत, पण टॉप या कमांडमध्ये एकच कोअर पळताना दिसतो.

उत्तर : ‘सेशनइन्फो’ चालवून कोणतं ब्लास (मॅट्रिक्सची गणितं करणारी लायब्ररी) जोडलंय ते बघा. रेफरन्स ब्लास असेल तर ते एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालतं. अनेक कोअर वापरणारं ओपनब्लास बसवा आणि अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज या कमांडने ते निवडा; आर नव्याने बांधावं लागत नाही. मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार, सॉल्व्ह, चोलेस्की यांत फरक लगेच जाणवेल. ‘एलएम’मध्ये (रिग्रेशनच्या फंक्शनमध्ये) फारसा नाही, कारण ते अजूनही लिनपॅक या जुन्या लायब्ररीच्या जुन्या क्यूआर रूटीनवर चालतं.

एक सावधगिरी : आरच्या पॅरलल पॅकेजने 32 वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या आरच्या प्रोसेस) उघडले आणि प्रत्येकाने ओपनब्लासचे 32 थ्रेड सुरू केले, तर हजाराहून जास्त थ्रेड 32 कोअरवर भांडतील आणि काम आधीपेक्षाही हळू होईल. अशा वेळी आर सुरू करण्याआधीच ओपनब्लास-नम-थ्रेड्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1 ठेवा.

प्रश्न : 32 जीबीच्या सर्व्हरवर आरची प्रोसेस मध्येच ‘किल्ड’ होते. कोडमध्ये एररही येत नाही.

उत्तर : डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये) ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा, मेमरी संपल्यावर कर्नलनेच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानेच, प्रोसेस मारलेली असणार. हिशोब करून बघा : 10 कोटी ओळी, 20 न्यूमरिक कॉलम, प्रत्येक आकड्याला 8 बाइट, म्हणजे 16 जीबी. मर्ज करताना दुसरी प्रत झाली की 32 जीबी पुरत नाहीत. डेटा पार्केमध्ये (कॉलमनिहाय साठवणाऱ्या फाइल फॉरमॅटमध्ये) ठेवून लागतील तेवढेच कॉलम उचला, आणि बदल आरच्या डेटा.टेबल पॅकेजमध्ये, प्रत न करता, जागच्या जागी करा. सर्व्हर अनेकांचा असेल तर सिस्टिमडीच्या (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यूझर स्लाइसला मेमरीमॅक्स, म्हणजे प्रत्येक यूझरला मेमरीची मर्यादा लावा, म्हणजे एकाच्या चुकीने दुसऱ्याचं काम मरणार नाही.

प्रश्न : स्वॅपिनेस (मेमरीतला डेटा डिस्कवरच्या स्वॅपमध्ये किती लवकर हलवायचा, ते लिनक्सचं सेटिंग) शून्य करू का?

उत्तर : नको, 10 ठेवा. व्हीएमस्टॅट या कमांडमध्ये एसआय आणि एसओ (स्वॅपमधून आत येणारा आणि स्वॅपमध्ये बाहेर जाणारा डेटा) सतत शून्याच्या वर दिसत असतील तर मेमरीच कमी पडतेय. सेटिंग बदलून ती वाढणार नाही.