वाचकांचे प्रश्न : आपत्तीनंतर क्लबनं नेमकं काय करायचं?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा आलाय. पूर, वादळ नाहीतर भूकंप येऊन गेला, आपला छोटा सेवाभावी क्लब आहे, इच्छा भरपूर आहे पण सुरुवात कुठून करायची. म्हणून हे अख्खं सदर त्यालाच दिलंय.

ताई, पूर आल्यावर आम्ही व्हॉट्सॲपवर मदतीचं आवाहन टाकलं आणि दोन दिवसांत आमचा हॉल जुन्या कपड्यांनी भरला. पूरग्रस्त येतात, ढीग उपसून बघतात आणि तसेच परत जातात. आता काय करू? लोकांना नको म्हणायचं तरी कसं? – एका क्लबच्या सेक्रेटरी

आधी तो मेसेज आजच्या आज बदला. "मदत पाठवा" एवढंच लिहिलं की लोक घरात जे जादा असेल ते देतात, त्यात त्यांचा दोष नाही, आपण काय हवंय ते सांगितलंच नाही ना. नवीन मेसेजमध्ये वस्तूचं नाव, किती नग, कोणत्या तारखेपर्यंत आणि खाली स्पष्ट "बाकी काही पाठवू नका" असं लिहा. नम्रपणे लिहिलं तर कुणी रागवत नाही, उलट लोकांना बरं वाटतं की नक्की काय द्यायचं ते कळलं.

असे ढीग मी खूप उपसलेत. वर चांगली चादर असते, तिच्याखाली ओलसर वासाचे स्वेटर, चेन तुटलेल्या पँटी, एका पायाची चप्पल, कुणाचा तरी जरीचा ब्लाऊज. आणि जिच्या घरात छातीएवढं पाणी होतं ती बाई त्यात मुलीच्या मापाचा एक धड ड्रेस शोधत असते, सगळ्यांसमोर. हे बघवत नाही हो. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे असेच ढीग पडून होते, कुणी हात लावला नाही. तुमच्या ढिगातलं धड तेवढं वेगळं काढा, मापाप्रमाणे टेबलांवर लावा, बाकी सुती कपडा घरं पुसायला लागतोच त्यामुळे तो फाडून फडकी करा आणि उरलेलं रद्दीत द्या, जिवाला लावून घेऊ नका. आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड मात्र नवेच हवेत, त्यासाठी पैसे मागा.

औषधांचं तर त्याहून कडक ठेवा. 1988 ला आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून सुमारे 5000 टन औषधं आणि वैद्यकीय सामान आलं आणि ते वर्गवारी करण्यातच कित्येक महिने गेले, बरंचसं कामाचंच नव्हतं. लोकांच्या घरातल्या उरलेल्या गोळ्या घ्यायच्याच नाहीत, डॉक्टरांनी यादी दिली तर ती औषधं विकत घेऊन द्यायची.

आमच्याकडे शाळेत तात्पुरती छावणी आहे, साधारण 300 माणसं. व्यवस्था क्लबकडे दिलीय. पाणी आणि संडास किती लागतील याचा काही हिशोब असतो का?

असतो. मदतकार्यात जगभर स्फिअरचे, म्हणजे मदतसंस्थांनी मिळून ठरवलेले किमान निकष वापरतात, त्यात माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी धरतात, पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं धरून. म्हणजे तुम्हाला रोज 4500 लिटर हवं. संडास 20 माणसांमागे एक, म्हणजे 15, पहिल्या दिवसांत 50 मागे एक चालवून घेतात पण लवकर वाढवायचे. आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट ठेवा, आतून कडी आणि रात्री दिवा असलाच पाहिजे, नाहीतर बायका मुली संध्याकाळपासून पाणी प्यायचंच बंद करतात आणि मग आजारी पडतात. टँकरचं पाणी आलं की क्लोरीन तपासायचं साधं किट मिळतं त्यानं रोज बघा, नळाशी 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक दिसायला हवं. हे काम एकाच माणसाकडे द्या आणि वहीत रोज लिहायला लावा.

आमचा क्लब लहान, त्यातल्या निम्म्या मेंबरांची घरंच पाण्यात गेली. मोठ्या संस्थांचे ट्रक आलेत. आमचा खरंच काही उपयोग आहे का? का आपण बाजूला व्हावं?

बाजूला अजिबात होऊ नका, पण ट्रकवाल्यांशी स्पर्धा पण करू नका. त्यांच्याकडे सामान आहे, तुमच्याकडे माणसं माहीत असणं आहे. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे काका, भाड्यानं राहणारं कुटुंब, ज्यांचं नाव कुठल्याच यादीत येत नाही कारण यादी घरमालकांच्या नावानं केलेली असते, ही माहिती बाहेरून आलेल्या माणसाला कुठून असणार? गल्लीनिहाय दोन दोन मेंबर वाटून घ्या, दार वाजवा, विचारा, लिहून आणा आणि ती यादी प्रशासनाला आणि त्या संस्थांना द्या. माझ्या मते पहिल्या आठवड्यात क्लबचं यापेक्षा मोठं काम नाही.

ज्यांची घरं गेली ते मेंबर आधी पूरग्रस्त, मग मेंबर. त्यांना मदत घ्यायला लाज वाटते, म्हणून अध्यक्षांनी स्वतः त्यांच्या घरी जावं आणि ड्युटी यादीतून त्यांचं नाव काही दिवस काढावं.

आणि तुम्ही रोटरी किंवा लायन्सचे असाल तर लगेच डिस्ट्रिक्ट गव्हर्नरना, म्हणजे तुमच्या भागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांना, फोन करा. दोन्हीकडे आपत्तीसाठी अनुदानाची सोय आहे आणि अर्ज डिस्ट्रिक्टमार्फतच जातो, त्यामुळे उशीर केला तर तुमचंच नुकसान. लहान क्लबला काय जमणार असं वाटत असेल तर शेल्टरबॉक्सचं बघा. 2000 साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या एका रोटरी क्लबनं हे काम सुरू केलं, एका पेटीत तंबू आणि एका कुटुंबाला लागणाऱ्या गरजेच्या वस्तू, आणि त्यांच्या पहिल्या पेट्या 2001 च्या गुजरात भूकंपात आल्या. आज ती मोठी आंतरराष्ट्रीय संस्था आहे.

भरपाईसाठी कागद मागतात आणि लोकांचे सगळे कागद भिजलेत. कुणी उन्हात वाळवतंय, कुणी इस्त्री फिरवतंय. क्लब यात काय करू शकतो?

खूप चांगला प्रश्न, याकडे कुणाचं लक्षच जात नाही. एक "कागदपत्र टेबल" सुरू करा. ओला कागद साधारण दोन दिवसांत बुरशी धरतो, म्हणून घाई हवी पण ओढाताण नको. एकमेकांना चिकटलेली पानं किंवा फोटो सोलू नका, चिखल असेल तर स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून काढा, चोळू नका, आणि सावलीत पंख्याच्या वाऱ्यात टिपकागदावर पसरा. कडक ऊन आणि इस्त्री दोन्ही बंद. ढीगच असेल आणि वेळ नसेल तर प्लास्टिक पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी थांबते, मग सवडीनं वाळवता येतं. लॅमिनेशन लगेच करू नका, आत ओल राहते. वाळलेल्या प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढून त्या माणसाच्याच फोनवर पाठवा आणि आपल्या फोनमधून पुसून टाका. शेजारी अर्ज भरून देणारा एक शांत स्वभावाचा मेंबर बसवा, घाईघाईनं बोलणारा नको.

वाटपाचे फोटो टाकले नाहीत तर देणगीदार विचारतात आणि टाकले तर लोकांना आवडत नाही.

सामानाचे, मेंबर काम करतानाचे, साफ झालेल्या खोलीचे फोटो टाका. हात पुढे केलेल्या माणसाचा चेहरा नको, आणि लहान मुलांचा तर मुळीच नको. देणगीदाराला पावती आणि हिशोब द्या, त्याचा तो हक्क आहे.

आमच्याकडे बऱ्यापैकी पैसे जमलेत. काही मेंबर म्हणतात सगळे आत्ताच वाटून मोकळं व्हा, हिशोबाची कटकट नको. तुमचं मत?

नको. निम्मे तरी मागे ठेवा, आणि हे देणगी घेतानाच सांगा म्हणजे नंतर वाद नाही. वेगळं खातं, दोन सह्या, प्रत्येक वाटपाची सही किंवा अंगठा, आणि हिशोब दर महिन्याला सगळ्यांना दिसेल असा लावायचा. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात, धान्य इतकं येतं की ठेवायला जागा नसते, पण दोन महिन्यांनी शिलाई मशीन गंजलेली असते, रिक्षाचं इंजिन उघडून पडलेलं असतं, मुलाची फी थकलेली असते आणि तेव्हा दार वाजवायला कुणी नसतं. दुकानं उघडली की वस्तूंऐवजी थेट खात्यात पैसे द्या, कुणाला गादी लागते, कुणाला औषध, ते त्यांचं त्यांना जास्त कळतं. कुणाला किती ते ठरवायला तीन चार साधे निकष आधीच लिहून काढा (कमावता माणूस गेला का, घर पूर्ण पडलं का, धंद्याचं साधन गेलं का) आणि ते फलकावर लावा, मेंबरांच्या नातेवाइकांनाही तेच लागू.

थोडा पैसा मनाच्या आधारासाठीही ठेवा. पाऊस सुरू झाला की रडणारी मुलं, झोप उडालेली माणसं तुम्हाला सगळीकडे भेटतील. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्ये साध्या स्वयंसेवकांसाठी एक पद्धत दिली, बघा, ऐका, जोडून द्या. म्हणजे कोण अडचणीत आहे ते बघायचं, खोदून न विचारता ऐकायचं आणि योग्य माणसाशी किंवा दवाखान्याशी जोडून द्यायचं. चार सहा मेंबरांना एखाद्या समुपदेशकाकडून याचं एका दिवसाचं ट्रेनिंग द्या, आणि तुमच्या गल्लीनिहाय यादीतल्या प्रत्येक घरी तिसऱ्या महिन्यात त्याच दोघांना परत पाठवा.