हलके स्टेअरिंग, बोलके स्टेअरिंग : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे स्टेअरिंग आणि डॅशबोर्डवरची बटणे यांच्याविषयी आहेत. एरवी मायलेजपासून सुरू होऊन मायलेजवरच संपणाऱ्या आपल्या पत्रव्यवहारात हा बदल मला सुखद वाटला. त्यातले पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्याच्या उत्तराला जागा जास्त लागली आहे, कारण बाकीच्यांचे धागे तेथूनच निघतात.

प्रश्न : आमच्याकडे बारा वर्षे एक हॅचबॅक होती आणि तिला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, पॉवर स्टेअरिंग होते. गेल्या दिवाळीत नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिचे स्टेअरिंग अक्षरशः एका बोटाने फिरते, त्यामुळे घरातले सगळे खूश आहेत. मात्र अटल सेतूवर ताशी ९० च्या वेगात स्टेअरिंग सरळ धरले असताना हाताला काहीच लागत नाही, आणि मला सतत बारीक बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात. सर्व्हिस सेंटरने गाडीत दोष नसल्याचे सांगितले. हा माझ्या मनाचा खेळ आहे का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : मनाचा खेळ मुळीच नाही, आणि सर्व्हिस सेंटरनेही तुम्हाला फसवलेले नाही. गाडीत बिघाड नाही, ती घडवलीच तशी आहे.

गाडीची पुढची चाके वळवून स्टेअरिंग सैल सोडले, की ते आपोआप मध्यावर येऊ पाहते, हे आपण रोज अनुभवतो. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो, तसाच मोटारीच्या पुढच्या चाकांचा वळण्याचा अक्षही मागे कललेला असतो. या कलाला कॅस्टर म्हणतात. त्यामुळे टायर जमिनीला जेथे टेकतो ती जागा अक्षाच्या मागे राहते आणि चाक सरळ होण्याची ओढ घेते. दुसरी ओढ खुद्द टायरमधून येते. वळणावर टायरचा जमिनीला टेकलेला तळवा पिळला जातो, त्याच्या मागच्या भागात बाजूचे बल अधिक साचते आणि तेही चाकाला सरळ करू पाहते. वळणावर हाताला जे वजन जाणवते ते या दोन ओढींचे असते.

यातली खरी मौज पुढे आहे. टायरची पकड संपत आली, की तळव्याचा मागचा भाग आधी घसरू लागतो आणि ही दुसरी ओढ कमी होते. म्हणजे गाडी प्रत्यक्ष घसरण्याच्या थोडे आधी स्टेअरिंग हलके पडते, आणि ज्याचा हात तयार आहे त्याला ती सूचना वेळेवर मिळते. काही वर्षांपूर्वी ऐन जुलैमध्ये पूर्व द्रुतगती मार्गावर, विक्रोळीच्या आसपास, साचलेल्या पाण्याच्या एका लांबट पट्ट्यावरून जाताना माझ्या जुन्या गाडीचे स्टेअरिंग क्षणभर असे पोकळ झाले, की जणू खाली चाकेच नाहीत. टायर पाण्यावर तरंगत होते. डोळ्यांना ते पाणी इतरांसारखेच दिसत होते. पहिली बातमी तळहाताला लागली. अशा वेळी ब्रेक दाबू नये आणि स्टेअरिंग वळवू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचलून ते सरळ धरून ठेवावे. मी तेच केले आणि पट्टा ओलांडताच वजन हातात परत आले.

आता ही बातमी तुमच्या हातापर्यंत का पोहोचत नाही ते पाहू. पॉवर स्टेअरिंग विक्रीच्या मोटारीत १९५१ साली अमेरिकेत क्रायस्लरने आणले, ते तेलाच्या दाबावर चालणारे होते. विजेच्या मोटरची मदत घेणारे स्टेअरिंग १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत आले. दोन्ही प्रकारांत स्टेअरिंगच्या दांड्यात एक बारीक, पीळ घेणारी सळई असते. हायड्रॉलिकमध्ये तिचा पीळ तेलाची झडप उघडतो. इलेक्ट्रिकमध्ये तोच पीळ सेन्सर मोजतो आणि मोटरने किती मदत करायची ते संगणक ठरवतो. परवडणाऱ्या बहुतेक गाड्यांत ही मोटर डॅशबोर्डखाली, दांड्यावरच बसवलेली असते आणि तिची ताकद वर्म गिअरमधून (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरमधून) दांड्याला मिळते. रस्त्याकडून वर येणारी बारीक थरथर या गिअरच्या घर्षणात आणि मोटरच्या जडत्वात विरून जाते. मोठा खड्डा कळतो, पण डांबराचा पोत कळत नाही. महागड्या गाड्यांत मोटर खाली रॅकवर, म्हणजे चाके वळवणाऱ्या दातेरी पट्टीवर, असते, म्हणून तेथे फरक पडतो.

इलेक्ट्रिक स्टेअरिंगला सरसकट नावे ठेवणेही योग्य नाही. हायड्रॉलिक पंप इंजिनाच्या पट्ट्यावर सतत फिरतो आणि गाडी सरळ जात असतानाही इंधन खातो. विजेची मोटर मुख्यतः वळवताना वीज घेते. शिवाय लेन सांभाळणाऱ्या यंत्रणेला बहुधा इलेक्ट्रिक स्टेअरिंगच लागते. आणि ‘पूर्वीच्या गाड्यांचे स्टेअरिंग बोलके होते’ असे म्हणताना त्या गाड्या काय होत्या हेही आठवावे. पहिल्या मारुती ८०० ला पॉवर स्टेअरिंग नव्हते, पण तिचे वजन साधारण साडेसहाशे किलो होते आणि चाके होती १२ इंची. आज सव्वा टनाची गाडी आणि २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर असताना मदतीशिवाय गिरगावच्या गल्लीत ती उभी करायला पैलवान आणावा लागेल.

माझी तक्रार वेगळी आहे. मुंबईचा ग्राहक शोरूमच्या दारात गाडी मागेपुढे करून ‘किती हलके आहे!’ म्हणतो आणि सही करतो. कंपनीही मग त्या क्षणासाठीच स्टेअरिंग जुळवते. हलकेपणा उभ्या गाडीत हवा, आणि वेग वाढेल तसे मध्यावर थोडे वजन यायला हवे. चांगल्या जुळवणीत हे दोन्ही जमते. तुमच्या गाडीत मध्यावर वजनही नाही आणि मध्य नेमका कोठे हेही हाताला कळत नाही, म्हणून तुम्ही आधी थोडे वळवता आणि मग तेवढेच परत आणता. समुद्रावरचा आडवा वारा त्यात भर घालतो. ‘स्पोर्ट’ मोड असल्यास लावून पाहा, मात्र त्यातून फार अपेक्षा ठेवू नका. बहुतेक गाड्यांत तो मोटरची मदत कमी करून स्टेअरिंग केवळ जड करतो, आणि मुका माणूस जाड झाल्याने बोलू लागत नाही.

दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. टायरमधली हवा चालकाच्या दाराच्या खांबावरील तक्त्याप्रमाणे, टायर थंड असताना भरा. पंपावरचा मुलगा सरसकट ३५ भरतो, तेवढी तुमच्या गाडीला सांगितलेली असेलच असे नाही, आणि जास्त फुगलेल्या टायरचा तळवा लहान होऊन उरलीसुरली जाणीवही घटते. दुसरे म्हणजे स्टेअरिंग आवळून धरू नका. बोटे सैल आणि नजर दूर ठेवली, की त्या बारीक दुरुस्त्या निम्म्याने कमी होतात. ज्यांना अजून गाडी घ्यायची आहे त्यांनी डीलरने आखलेल्या दोन किलोमीटरच्या फेरीवर समाधान मानू नये. पूर्व मुक्तमार्गासारख्या सलग रस्त्यावर किमान दहा मिनिटे गाडी चालवण्याचा आग्रह धरावा.

प्रश्न : माझी गाडी सतत डावीकडे खेचते. दोनदा अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळवणी) केले, दोन्ही वेळा मशीनवर सगळे आकडे हिरवे आले. तरी खेच कायम आहे. (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : आधी खात्री करा, की गाडी खेचते आहे, रस्ता नव्हे. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यावर उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये प्रत्येकच गाडी किंचित डावीकडे जाते. रहदारी नसताना सपाट किंवा उजवीकडे उतरत्या लेनमध्ये पाहा. तेथेही खेच डावीकडेच असेल, तर पुढचे दोन टायर आपसांत बदलून घ्या (त्यांवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच). खेच उजवीकडे गेली, तर दोष टायरमध्ये आहे आणि अलाइनमेंटचे मशीन त्याविषयी काहीच सांगू शकत नाही. खेच जागची हलली नाही, तर ब्रेक अडकतो आहे का ते तपासा. फेरफटका मारून आल्यावर डाव्या चाकाची रिम उजव्यापेक्षा बरीच गरम लागली, तर कॅलिपर (ब्रेकचा चिमटा) सुटत नाही असे समजावे. हात लावताना मात्र जपून, ती चटका देण्याइतकी तापलेली असू शकते. शिवाय आकडे हिरवे आले म्हणजे दोन्ही बाजू सारख्या आहेत असे नव्हे. एका बाजूचा कॅस्टर मर्यादेच्या वरच्या टोकाला आणि दुसऱ्या बाजूचा खालच्या टोकाला असला, तरी दोन्ही हिरवेच दिसतात आणि गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला जाते. म्हणून छापील कागद मागून घ्या आणि डावा-उजवा आकडा स्वतः शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न : माझी उंची ४ फूट ११ इंच आहे. क्लच पूर्ण दाबण्यासाठी सीट पुढे घेतली, की स्टेअरिंग छातीशी येते. मागे घेतली, तर हात ताणले जातात आणि स्टेअरिंग जड वाटते. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, जड वाटते ते खरेच आहे. हात कोपरात सरळ असले, की स्टेअरिंग खांद्यांनी ओढावे लागते, आणि खांद्यांना बोटांसारखी बारीक जाण नसते. सुरुवात पायांपासून करा : क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील इतकीच सीट पुढे घ्या. मग सीटची पाठ बहुतेकांना आवडते त्यापेक्षा थोडी उभी करा. पाठ टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवता आले, तर हातांचे अंतर योग्य आहे. छातीचे हाड आणि स्टेअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवे, कारण एअरबॅग तेथूनच फुटते. हे दोन्ही एकत्र जमत नसेल, तर तुमच्या गाडीचे स्टेअरिंग फक्त वर-खाली होते, मागे-पुढे होत नाही, असा माझा अंदाज आहे. आपल्याकडे अनेक कंपन्या मागे-पुढे होण्याची सोय महागड्या मॉडेललाच देतात, आणि तिच्याऐवजी सनरूफवर पैसे घालणाऱ्यांचे मला नेहमी नवल वाटते. पुढची गाडी घेताना ही एक गोष्ट सोडू नका, आणि ऑटोमॅटिकचाही विचार करा. क्लचच नसला, की सीट थोडी मागे घेता येते. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवावेत; दहा-दोनची जुनी शिकवण एअरबॅग येण्यापूर्वीची आहे.

प्रश्न : नव्या गाडीत एसीची सगळी नियंत्रणे पडद्यावर आहेत. पावसाळ्यात काच धूसर झाली, की मी घाबरून जातो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, सवय होईल.’ खरेच होईल का? (एक वाचक, दादर)

उत्तर : थोडीफार होईल, पण पुरेशी नाही. बटण बोटाला सापडते, पडदा मात्र डोळ्यांनीच शोधावा लागतो. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते; दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, की ३३ मीटर तुम्ही आंधळेपणाने गेलात. २०२२ साली स्वीडनमधील ‘वी बिलेगारे’ या मोटार-मासिकाने बंद पडलेल्या धावपट्टीवर ताशी ११० च्या वेगात याची चाचणी घेतली. चालकांना गाड्यांची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला होता. तीच चार साधी कामे २००५ सालच्या, बटणे असलेल्या व्होल्व्होत १० सेकंदांत म्हणजे ३०६ मीटरमध्ये झाली, आणि सर्वांत वाईट ठरलेल्या नव्या, पडदावाल्या गाडीत त्यांना सुमारे ४५ सेकंद लागले. युरोपातील सुरक्षा-मूल्यांकन करणाऱ्या युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॅझार्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदत यांसाठी स्वतंत्र नियंत्रणे असण्याला गुणांकनात महत्त्व दिले आहे. एसी त्या यादीत नाही; मुंबईत यादी केली असती, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात तो तिच्यात आला असता.

तोवर एवढे करा. काचेवर बोट फिरवून पाहा. धूसरपणा आतून असेल, तर एसी चालू, हवा काचेकडे आणि बाहेरची ताजी हवा आत, अशी मांडणी ठेवा. एसी हवेतला दमटपणा काढून घेतो. तो बाहेरून असेल, तर काच फार गार झाली आहे असे समजून वायपर एकदा फिरवा आणि तापमान दोन अंशांनी वाढवा. मुंबईत हा दुसरा प्रकार बराच आढळतो आणि लोक नेमका उलटा उपाय करतात. समोरची काच साफ करण्याचे वेगळे बटण बहुधा पडद्याखाली कोठेतरी असते; गाडी उभी असताना, डोळे मिटून ते दहा वेळा शोधा. मुलाला शेजारी बसवून चुका मोजायला सांगा.

प्रश्न : घरात दोन गाड्या आहेत, एक जपानी आणि एक युरोपीय. दुसरीत बसले, की वळताना वायपर फिरतो. हसू होते. (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : माझेही झाले आहे. जपानी आणि कोरियन कंपन्या आपल्याकडे इंडिकेटरची दांडी उजवीकडे ठेवतात. फोक्सवॅगन, स्कोडा यांसारख्या युरोपीय कंपन्या उजवीकडे स्टेअरिंग असलेल्या गाडीतही ती डावीकडेच ठेवतात. गिअर बदलणारा डावा हात त्यामुळे वळणावर दोन कामांत अडकतो. गाडी सुरू करण्यापूर्वी दोन्ही दांड्या एकदा हलवून पाहा, हाताला लगेच आठवण होते. कोरड्या काचेवर फिरलेल्या वायपरची रबरे मात्र दर पावसाळ्यापूर्वी बदलावी लागतील.