दाढेपेक्षा खुर्चीची भीती

प्रश्न : माझ्या आईचे वय 61 वर्षे असून तिला रक्तदाबाचा त्रास आहे. तिची खालची उजवी दाढ किडली आहे आणि गेले चार महिने ती अधूनमधून ठणकते. लहानपणी गावी तिची एक दाढ भूल नीट चढण्याआधीच, दोघांनी हात धरून ठेवून काढली होती. तेव्हापासून दाताच्या डॉक्टरांचे नाव काढले तरी तिचे हातपाय गार पडतात. मागच्या महिन्यात तिला कसेबसे दवाखान्यापर्यंत नेले, पण आतला वास येताच ती चपला घालून परत रिक्षात जाऊन बसली. सध्या लवंग आणि वेदनाशामक गोळ्या यांवर दिवस ढकलणे चालू आहे. दाढ काढली की नजर कमी होते, असेही तिच्या मनात आहे. काय करावे? — एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या आई घाबरट आहेत, हे आधी घरातल्या सर्वांनी डोक्यातून काढून टाकावे. ज्यांना एकदा हात धरून जखडून ठेवले गेले, त्यांना वेदनेइतकीच, किंबहुना अधिकच, ‘इथे आपले काही चालणार नाही’ याची धास्ती असते. खुर्चीत आडवे पडायचे, तोंड उघडे असल्यामुळे बोलता येत नाही आणि डॉक्टर नेमके काय करत आहेत तेही दिसत नाही. अशा वेळी ‘काही दुखत नाही हो’ हा दिलासा निरुपयोगी ठरतो, कारण तो त्यांच्या बाबतीत पूर्वी खोटा ठरलेला आहे. त्यांना हवा आहे तो काम थांबवण्याचा अधिकार.

म्हणून आधी तुम्ही एकट्याने डॉक्टरांना भेटा, हा सारा पूर्वेतिहास सांगा आणि सकाळची पहिली वेळ मागून घ्या. बाहेर बसून आतल्या यंत्राचा आवाज ऐकत राहण्याने निम्मे अवसान गळते. पहिल्या भेटीत कोणताही उपचार करायचा नाही, फक्त दाढ पाहायची आणि जमल्यास एक्स-रे काढायचा, असे ठरवा. आईंनी डावा हात वर केला की डॉक्टरांनी तत्काळ थांबायचे, हा संकेतही त्याच दिवशी पक्का करा आणि नुसता आरसा तोंडात असतानाच त्याची एकदा परीक्षा घ्या. हात वर गेला आणि आरसा खरोखर बाहेर आला, हे त्यांनी स्वतः अनुभवले पाहिजे. ज्या डॉक्टरांना एवढा वेळ देणे जमत नाही, त्यांच्याकडे जाऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन.

आता त्या वासाविषयी. दाताच्या दवाखान्यातील तो ओळखीचा वास बहुतांशी युजेनॉलचा असतो आणि युजेनॉल हा लवंगेच्या तेलातील मुख्य घटक आहे. तात्पुरत्या भरावाच्या सिमेंटमध्ये तो वापरतात. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या लवंगेचाच हा वास आहे, हे आईंना घरीच सांगून ठेवा. लवंगेचे निव्वळ तेल मात्र हिरडीवर वारंवार लावू नये, हिरडी भाजते.

भुलेबाबत एक गोष्ट फार थोड्या रुग्णांना सांगितली जाते. दाढेच्या आतली नस सुजून ठणका ऐन भरात असतो, तेव्हा भुलेचे इंजेक्शन नेहमीइतके चांगले लागू पडत नाही. लहानपणी कदाचित हेच घडले असेल. त्यामुळे दुखणे शांत असलेले दिवस हेच उपचाराचे खरे दिवस; ‘आता दुखत नाही, मग कशाला जायचे’ हा घरोघरचा हिशेब नेमका उलटा आहे. इंजेक्शनपूर्वी हिरडीवर बधिर करणारी जेल लावून एक-दोन मिनिटे थांबावे आणि इंजेक्शन सावकाश द्यावे. खालच्या दाढेसाठी ते जबड्याच्या मागच्या बाजूला देतात. त्यानंतर अर्धा ओठ जाड झाल्यासारखा वाटेपर्यंत थांबावे आणि दाढ बधिर झाल्याचे आईंकडून वदवून घेऊनच कामाला हात घालावा. त्या औषधात बहुधा थोडे ॲड्रेनलिन असते, त्याने काही मिनिटे छातीत धडधडू शकते. हे आधी माहीत असले की माणूस गडबडून जात नाही.

त्या दिवशी रक्तदाबाची गोळी चुकवू नये, न्याहारी करून जावे आणि चालू औषधांची यादी बरोबर न्यावी. वेदनाशामक गोळ्यांपैकी काहींमुळे रक्तदाब वाढतो, तेव्हा त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणे थांबवा. झोपेची गोळी घरच्या घरी देण्याचा विचारही करू नका. एवढे करूनही भीती आवरत नसेल, तर मोठ्या शहरांतील काही दवाखान्यांत नाकावाटे नायट्रस ऑक्साइड देऊन रुग्णाला शांत, पण जागे ठेवण्याची सोय असते.

नजरेचा आणि दाढेचा संबंध नाही. दृष्टीची नस वेगळी आणि दातांच्या नसा वेगळ्या. शिवाय दाढ काढावीच लागेल असेही नाही, रूट कॅनॉलने ती वाचूही शकते.

ही सारी सबुरी मात्र गालावर सूज नाही तोवरच. सूज आली, ताप भरला, तोंड उघडेनासे झाले किंवा घोट गिळणे अवघड वाटू लागले, तर त्याच दिवशी, आणि श्वासाला अडथळा होत असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.